एएन-३२ : इंजिनं पंखांच्या वर का?

माळरान
लेकीला शाळेत विमानांच्या प्रकारांवर तक्ता करायचा आहे. चित्रं जमवताना तिने मला विचारलं की बाकी सगळ्या पंख्याच्या विमानांची इंजिनं पंखांना खालून किंवा पुढून बसवलेली दिसतात, मग हवाई दलाच्या एएन-३२ या मालवाहू विमानाचीच अशी पंखांच्या डोक्यावर का? मला उत्तर देता आलं नाही. नेटवर 'मोठ्या प्रोपेलरसाठी' एवढं एका ओळीत मिळतं. पण मोठा प्रोपेलर तरी कशाला लागला? आणि हे विमान भारतासाठी म्हणूनच बनवलं होतं असं वाचलं, ते कितपत खरं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. तक्ता होईल तेव्हा होईल, मलाच आता समजून घ्यायचं आहे.

चिमणराव
बसलोय पुढच्या प्रतिसादांची वाट बघत. ग्राउंडक्रू काका कुठे आहेत?

कोयनाकाठ
थोडी पार्श्वभूमी देतो. या घराण्याचं मूळ एएन-२४. कीव्हच्या अंतोनोव कार्यालयाचं प्रवासी विमान, पहिलं उड्डाण १९५९. त्यालाच मागून रॅम्प, म्हणजे माल चढवायचं उतरतं दार, देऊन १९६९ मध्ये एएन-२६ केलं. त्याची इंजिनं प्रत्येकी साधारण २,८०० अश्वशक्तीची. मैदानी प्रदेशात उत्तम विमान. पण लेह १०,७०० फुटांवर आहे आणि लडाख-अरुणाचलातल्या धावपट्ट्या आखूड. तिथे ही ताकद तोकडी पडते.

भारताला त्या वेळी डाकोटा, पॅकेट, कॅरिबू या जुन्या मालवाहू विमानांच्या जागी काहीतरी हवं होतं. अंतोनोवने एएन-२६ चं धड घेतलं आणि त्यावर एएन-१२ या मोठ्या मालवाहू विमानाच्या जातीची एआय-२० इंजिनं चढवली, प्रत्येकी ५,१०० अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे ताकद जवळजवळ दुप्पट. पहिलं उड्डाण ९ जुलै १९७६, पुढच्या वर्षी पॅरिसच्या एअर शोमध्ये दाखवलं, आणि १९८४ पासून आपल्याकडे यायला लागलं. शंभराहून जास्त आपण घेतली. खुद्द सोव्हिएत हवाई दलाने ते मोठ्या संख्येने कधीच घेतलं नाही. त्यामुळे 'भारतासाठी बनवलेलं' हे बऱ्याच अंशी खरं आहे.

आता प्रोपेलर. एवढी ताकद हवेत उतरवायची तर पाती मोठी लागतात. एएन-२६ च्या प्रोपेलरचा व्यास ३.९ मीटर, एएन-३२ चा ४.७ मीटर. इंजिन जुन्याच जागी ठेवलं असतं तर पातं जमिनीच्या फार जवळ आलं असतं आणि इकडे धडाच्या कुशीलाही भिडायला आलं असतं.

रेशीमकिडा
मग इंजिन पंखावर बाहेरच्या बाजूला सरकवायचं ना? वर कशाला?

कोयनाकाठ
@रेशीमकिडा, दोन अडचणी. पहिली, एक इंजिन बंद पडलं तर दुसरं विमानाला एका बाजूला वळवतं. इंजिन जितकं बाहेर तितकं हे वळवणं जोरात, आणि मग सुकाणू आणि उभी शेपटी आणखी मोठी करा. दुसरी, या विमानाची मुख्य चाकं धडात नाहीत, इंजिनाच्या खालच्या कोशात मिटतात. इंजिन हलवलं की चाकं हलली, चाकं हलली की पंखाचा आतला सगळा सांगाडा नव्याने करायला लागला. त्यापेक्षा चाकांचा कोश होता तिथेच खाली ठेवला आणि इंजिन उचलून पंखाच्या माथ्यावर नेलं. म्हणून तो कोश इतका खोल, पोटफुगा दिसतो. शिवाय धड गोल आहे. प्रोपेलरचा दांडा धडाच्या माथ्याच्या पातळीकडे नेला की तेवढ्याच अंतरात पात्याला जास्त जागा मिळते.

आणि तिसरा फायदा कच्च्या धावपट्टीवरचा. खडे-धूळ इंजिनाच्या तोंडात कमी जाते.

सायली_ठाणे
हे फार छान समजलं. पण ताकदीचं इंजिन इतकं वर बसवल्यावर विमान नाक खाली घालायला बघत नाही का? ओढ वरून, वजन खाली.

कोयनाकाठ
@सायली_ठाणे, अगदी नेमकं. घालतं. शिवाय फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या झडपा, पूर्ण उतरवले की तेही नाक खालीच ढकलतात, आणि एएन-३२ चे बाहेरचे फ्लॅप तीन फटींचे, फार जोरकस. त्याचं उत्तर शेपटीत आहे. आडव्या शेपटीला पूर्ण लांबीची फट दिली, म्हणजे ती हळू वेगातही शेपूट जोरात खाली दाबू शकते. पोटाखालचे मागचे उभे पंखही मोठे केले. पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या आल्या. विमानाच्या रचनेत एक गोष्ट बदलली की दहा ठिकाणी तिची भरपाई करायला लागते, त्याचं हे उत्तम उदाहरण.

ग्राउंडक्रू
चिमणराव, आलो.
मी हवाई दलात एअरमन होतो, बरीच वर्षं याच विमानाच्या इंजिनांवर काम केलं. चंडीगड आणि जोरहाट दोन्हीकडे. कोयनाकाठ यांनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, मी फक्त जमिनीवरून दिसणारं सांगतो.

पहिली गोष्ट आवाज. एआय-२० चा आवाज विमान दिसायच्या आधी येतो, एक तीक्ष्ण शीळ. आत बसलात तर उतरल्यावरही तासभर कान बधिर. कानात कापूस घालायचाच. बाजूला दुमडणारी कॅनव्हासची आसनं, मधोमध माल. केरोसीनची पिंपं, डाळ-तांदळाची पोती, पत्रे, सिमेंट, औषधं, सुट्टीवरून परतणारे जवान, आणि त्यांच्या पायाशी घरून आणलेल्या लाडवांचे डबे.

दुसरी गोष्ट, इंजिन वर असल्याने आम्हाला कायम चढून काम करायला लागायचं. सखल पट्ट्यात ठीक. जानेवारीत पहाटे अंधारात, गोठलेल्या धातूवर, हातमोजे काढल्याशिवाय बारीक नट लागत नाही अशा जागी काम केलेल्यालाच त्या रचनेची किंमत कळते. पण तक्रार करावीशी वाटली नाही कधी. वर आपली माणसं वाट बघत असतात हे माहीत असायचं.

तिसरी, रॅम्प. याच्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मागचा दरवाजा नुसता खाली उघडत नाही, रुळावरून सरकून धडाच्या पोटाखाली जातो. मग ट्रकचा मागचा भाग थेट विमानाच्या तळाला लावता येतो. माल ट्रकमधून सरळ आत. वर छताला ३ टन उचलणारी सरकती यारी. ही सोय एएन-२६ पासूनची आहे, आणि माझ्या मते या विमानातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच.

माळरान
ग्राउंडक्रू काका, मनापासून धन्यवाद. लेकीला वाचून दाखवलं. ती विचारते, उंचावर नेमकं काय बिघडतं? हवा विरळ म्हणजे किती विरळ?

पाटलीणबाई
मी भौतिकशास्त्र शिकवते, एवढं मी सांगते. लडाखमधली दौलत बेग ओल्डीची धावपट्टी साधारण १६,६०० फुटांवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के. याचा मार तीन ठिकाणी बसतो. इंजिनाला हवा कमी, म्हणून ताकद कमी. प्रोपेलरला ढकलायला हवा कमी, म्हणून ओढ कमी. पंखालाही हवा कमी, म्हणून तरंगून राहायला वेग जास्त हवा.

तो वेग किती जास्त? साधारण ३० टक्के. पायलटसमोरचं वेगमापक हवेच्या दाबावर चालतं, ते नेहमीचाच आकडा दाखवतं. पण जमीन मात्र ३० टक्के जास्त वेगाने पायाखालून जात असते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे थांबवायची ऊर्जा दोन-तृतीयांशाने वाढली. ब्रेक तेच, धावपट्टी कच्ची, आणि उलटा जोर द्यायला प्रोपेलरलाही विरळच हवा.

आता एक ढोबळ हिशेब बघा, मला फार आवडतो. ५,१०० चे ६० टक्के म्हणजे तीन हजारांच्या थोडं वर. म्हणजे दौलत बेग ओल्डीला एएन-३२ च्या इंजिनात जेवढा जीव उरतो, तेवढा एएन-२६ च्या इंजिनात समुद्रसपाटीला असतो! इंजिनाची प्रत्यक्ष वागणूक याहून गुंतागुंतीची असते, पण कल्पना यायला पुरे.

चिमणराव
पाटलीणबाई, तुम्ही माझ्या शाळेत असता तर मी नापास झालो नसतो.

तर्कट
वेगळा सूर लावतो. या विमानाचं कौतुक जरा जास्त चाललंय. आकडे बघा. एएन-२६ साडेपाच टन उचलतं. एएन-३२ पावणेसात टन. ताकद दुप्पट केली आणि माल वाढला फक्त सव्वा टन! धड तेच, तळ तोच, लांबी-रुंदी तीच. मोठं वाहन किंवा तोफ न्यायची म्हटली तर आत मावतच नाही. ही नवी रचना नव्हे. हातात होतं त्या विमानाला मोठं इंजिन लावून दिलेली तोडगावजा वस्तू आहे. इंधन पिते ते वेगळंच. त्याच काळात अमेरिकेचं हर्क्युलिस होतं, १९५४ पासून उडत होतं, चार इंजिनं, प्रशस्त पोट. ते का नाही घेतलं?

ग्राउंडक्रू
@तर्कट, अरुणाचलातल्या मेचुका, विजयनगर, तुतिंग या धावपट्ट्या तुम्ही त्या काळात बघायला हव्या होत्या. विजयनगरला तर वर्षानुवर्षं रस्ताच नव्हता. मीठसुद्धा विमानाने जायचं आणि आजारी माणूस विमानानेच बाहेर यायचा. तिथे वीस टन एकदम नेणारं मोठं विमान रोज उतरवायचं की पाच टन नेणारं लहान विमान जास्त वेळा? आमच्यासाठी दुसरं बरोबर होतं.

कोयनाकाठ
@तर्कट, तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटत नाही. दुप्पट ताकद मालासाठी घेतलीच नव्हती. ती उंचीसाठी आणि उष्णतेसाठी घेतली होती. चंडीगडला जूनमध्ये ४३-४४ अंशांत भरलेलं विमान उचलायचं, दोन तासांच्या आत हिमालयाच्या रांगा पार करायच्या, १०-१२ हजार फुटांवर उतरायचं, आणि त्यात एक इंजिन गेलं तरी डोंगरांवरून परत यायचं. सगळी जास्तीची ताकद या शेवटच्या वाक्यात खर्च झाली आहे. मालवाहू विमान किती उचलतं हा अर्धाच प्रश्न. 'कुठून कुठे उचलतं' हे विचारल्याशिवाय त्याची तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे.

इंजिन सुरू करण्याचंच घ्या. उंचावरच्या धावपट्टीवर बाहेरची बॅटरी गाडी कुठून आणणार? एएन-३२ च्या उजव्या चाककोशाच्या मागे लहानसं टर्बाइन आहे, ते ४,५०० मीटर उंचीपर्यंत मुख्य इंजिनं सुरू करून देतं. ही यादी वाचली की समोर हिमालय ठेवूनच बसले होते हे दिसतं.

सायली_ठाणे
पॅकेटचा उल्लेख वर आलाय. त्याच्यावर भारतात जेट इंजिन बसवलं होतं ना? आजोबांकडून ऐकलं आहे.

कोयनाकाठ
हो! आणि ती कथा सांगायलाच हवी. फेअरचाइल्ड सी-११९ पॅकेट, दोन शेपट्यांच्या दांड्यांचं विमान. दोन दांडे अशासाठी की मधलं धड मागून पूर्ण रुंदीने उघडावं. त्या आधीच्या डाकोटात बाजूच्या दारातून माल चढवायचा, तोही शेपूट जमिनीला टेकलेल्या विमानाच्या उतरत्या तळावर. पॅकेटने तळ सपाट आणि ट्रकच्या उंचीला आणला. तोटा असा की हवेतून माल टाकायचा तर मागची दारं जमिनीवरच काढून ठेवायला लागायची. हर्क्युलिसने शेपूट वर उचलून खाली रॅम्प दिला तेव्हा तो प्रश्न सुटला, आणि तेव्हापासून जगातल्या बहुतेक मालवाहू विमानांचा मागचा भाग तसाच आहे.

तर आपल्या पॅकेटला लडाखच्या उंचीवर दम पुरेना, म्हणून धडाच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलं. पुढे त्यासाठी बंगळूरला एचएएलमध्ये बनणारं ऑर्फियस वापरलं. जुलै १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. तेव्हा जगातली ती सगळ्यात उंच धावपट्टी. एएन-३२ मध्ये जे उत्तर कारखान्यातून आलं, ते आपण त्याआधी वर्कशॉपमध्ये शोधून बघितलं होतं.

देशावरचा
राजे यांचं नाव पहिल्यांदाच वाचलं. यावर स्वतंत्र लेख लिहा कोणीतरी. कळकळीची विनंती.

पाटलीणबाई
लेहचाही किस्सा सांगते. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी डाकोटा लेहला उतरवलं, सोनम नोर्बू यांनी घाईने तयार करून घेतलेल्या पट्टीवर. डाकोटात हवेचा दाब राखायची सोयही नाही.

ग्राउंडक्रू
आणि दौलत बेग ओल्डी १९६५ नंतर बंद पडली ती तब्बल ४३ वर्षं. ३१ मे २००८ ला तिथे पुन्हा उतरलं ते एएन-३२. तेव्हा एअर मार्शल बारबोरा पश्चिम कमांडचे प्रमुख होते, तो निर्णय त्यांनी रेटला. बातमी ऐकली तेव्हा मी निवृत्त झालो होतो. डोळे भरून आले. हर्क्युलिस तिथे गेलं त्यानंतर पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१३ मध्ये.

रेशीमकिडा
कौतुक ठीक आहे, पण अपघातांवर कोणीच बोलत नाहीये. २०१६ ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं विमान २९ जणांसह नाहीसं झालं. २०१९ ला जोरहाट-मेचुका, १३ जण गेले. एवढी जुनी विमानं अजून का उडवायची?

ग्राउंडक्रू
या प्रश्नावर मी शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो. त्या दोन्ही बातम्यांनी आम्हा जुन्या लोकांच्या घरात चूल पेटली नव्हती. २०१६ चं विमान बंगालच्या उपसागरात गेलं. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये समुद्रतळाशी ३,४०० मीटर खोल दिसले. एवढी वर्षं ते कुटुंबीय कशाच्या आधारावर जगले असतील.

मेचुकाच्या वाटेवर दऱ्या अरुंद आहेत आणि ढग मिनिटांत भरतात. विमान कितीही चांगलं असलं तरी त्या दरीत चूक करायला जागा नसते. नवं विमान पाहिजेच, त्याबद्दल दुमत नाही. पण याला 'शवपेटी' म्हणणारे मथळे वाचले की त्रास होतो. याच विमानाने चार दशकं त्या सगळ्या चौक्यांना जगवलं आहे.

कोयनाकाठ
काकांना अनुमोदन. एक भर घालतो. २००९ मध्ये युक्रेनशी १०५ विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला होता. ४० कीव्हमध्ये, बाकीची कानपूरच्या दुरुस्ती डेपोत. २०१४ ला क्रिमियाचा प्रश्न पेटला आणि सुटे भाग, तंत्रज्ञ, सगळ्यांचं वेळापत्रक कोलमडलं. रचना कितीही पक्की असली तरी तिचा कारखाना दुसऱ्याच्या देशात असला की असं होतं. २०२२ पासून तर कीव्हवरच बॉम्ब पडताहेत. ज्यांनी हे विमान आखलं त्यांच्या शहराची ही अवस्था बघून वाईट वाटतं.

देशावरचा
म्हणूनच एअरबसचं सी-२९५ हे मालवाहू विमान वडोदऱ्यात बनतंय ते महत्त्वाचं. खरं तर ते नागपूरला मिहानमध्ये यायला हवं होतं, २०२२ मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. आपले नेते

संपादक मंडळ
वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. प्रकल्प कुठल्या राज्यात गेला यावर वेगळा धागा आहे, तिथे जरूर लिहा. इथे विमानावर बोलू.

तर्कट
विमानावरच बोलतो. ५६ सी-२९५ घेतली आहेत, १६ स्पेनमधल्या सेव्हियाहून आलेली आणि ४० वडोदऱ्यात बनणारी. ही एएन-३२ ची जागा घेतील का? इंजिनं प्रत्येकी २,६४५ अश्वशक्तीची. कमाल वजन २३ टनांच्या आसपास. म्हणजे टनामागे सव्वादोनशे अश्वशक्ती. एएन-३२ चं कमाल वजन २७ टन, टनामागे पावणेचारशे. कोयनाकाठ यांचंच तर्कशास्त्र लावलं तर नवं विमान डोंगरात कमी पडणार!

कोयनाकाठ
@तर्कट, हा प्रश्न मात्र चोख आहे. तीन मुद्दे.
सी-२९५ मुळात अव्रो या जुन्या वाहतूक विमानाच्या जागी घेतलंय, एएन-३२ च्या नव्हे. अव्रो १९६१ पासून कानपूरला बनायला लागलं, त्याला मागून रॅम्पच नव्हता.
दुसरं, टनामागची अश्वशक्ती कमाल वजनाला धरून काढली की फसगत होते. हर्क्युलिसच्या नव्या आवृत्तीचा आकडा २६५ च्या आसपासच येतो, आणि ते दौलत बेग ओल्डीला उतरतं. कारण तिथे कोणी कमाल वजनाने जात नाही. शिवाय सी-२९५ ची सहा पात्यांची प्रोपेलरं आणि पंख नव्या काळाचे आहेत, तेवढ्याच ताकदीतून जास्त ओढ काढतात आणि इंधन बरंच कमी लागतं.
तिसरं, तरीही तुमची शंका पूर्ण खोटी नाही. अति उंचीवर भरलेलं विमान आणि एक इंजिन बंद, या प्रसंगात एएन-३२ चा तो राखीव जोर सहज भरून निघणारा नाही.

सायली_ठाणे
सी-२९५ मी बातम्यांत बघितलं आहे! ऑक्टोबर २०२४ ला नवी मुंबईच्या विमानतळावर सगळ्यात पहिलं तेच उतरलं होतं. तिथे समुद्रसपाटी असल्याने त्याला काहीच कष्ट पडले नसणार.

पाटलीणबाई
माळरान, तक्त्यासाठी एक सुचवते. विमान पुढून काढा, बाजूने नको. पुढून काढलं की गोल धड, त्यावर पंख, पंखावर इंजिन आणि ४.७ मीटरचं वर्तुळ, सगळं प्रमाणात येतं. शेजारी फिक्या रंगात ३.९ चं वर्तुळ खालच्या जागी काढा. एएन-३२ आणि एएन-२६ च्या पंखांचा विस्तार एकच आहे, २९.२ मीटर, त्यामुळे तीच चौकट दोन्हींना चालेल. शब्दांत सांगायची गरजच पडणार नाही.

माळरान
पाटलीणबाई, ही कल्पना फारच आवडली, लेक कंपास घेऊन बसली आहे. १ सेंटिमीटरला १ मीटर हे प्रमाण घेतलं आहे. कार्डशीट दोन जोडायला लागताहेत.

रेशीमकिडा
मग एएन-३२ ची जागा शेवटी कोण घेणार?

कोयनाकाठ
हवाई दलाने डिसेंबर २०२२ मध्ये १८ ते ३० टन वाहणाऱ्या मध्यम मालवाहू विमानासाठी कंपन्यांकडून माहिती मागवली. चर्चेत तिघं आहेत. लॉकहीडचं सी-१३०जे, म्हणजे हर्क्युलिसचीच नवी आवृत्ती, ज्याचं शेपूट हैदराबादला टाटांकडे बनतं. ब्राझीलच्या एम्ब्रायरचं सी-३९०, दोन जेट इंजिनांचं, २६ टन उचलणारं, त्यांनी महिंद्रांशी करार केला आहे. आणि एअरबसचं ए४००एम, ३७ टनांचं, म्हणजे मागितल्यापेक्षा मोठंच. तिघंही एएन-३२ पेक्षा कितीतरी मोठी. म्हणजे मेचुकासारख्या ठिकाणी लहान फेऱ्या कोण मारणार हा ग्राउंडक्रू काकांचा मुद्दा उभाच राहतो. तिथलं काम सी-२९५ आणि हेलिकॉप्टरं मिळून उचलतील असं मला वाटतं.

तर्कट
सी-३९० चं जेट इंजिन कच्च्या पट्टीवर खडे गिळेल त्याचं काय?

कोयनाकाठ
म्हणून त्याचे पंख उंच ठेवलेत आणि इंजिनं चाकांच्या बरीच पुढे आहेत, चाकांनी उडवलेले खडे मागे जातात. तरी प्रोपेलरवाल्याइतकं निर्धास्त राहता येणार नाही. यावर आकडे घेऊन उद्या रात्री लिहितो, आत्ता कामावर निघालोय.